तिरपं अंतर

संशय घेणं ही माझी नोकरी आहे. ती घरी आणायची नाही, असं आईनं मला तीनदा बजावलं होतं. तरी या दिवाळीला मी ती गाडीच्या डिकीत घालून, दोन पेट्यांत भरून पांढरमाचीला घेऊन आले.

पेट्यांत टिचकी होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण दगडावर प्रकाशाचा झोत सोडताना ती टिचकी मारल्यासारखा आवाज करते, म्हणून पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे तिला टिचकीच म्हणतात. तिचं तत्त्व सोपं आहे. दगडात गारगोटीचे बारीक कण असतात. आजूबाजूच्या मातीतून आणि आकाशातून येणारा अगदी मंद किरणोत्सर्ग त्या कणांत इलेक्ट्रॉन अडकवत राहतो, गळक्या नळाखाली ठेवलेली घागर भरत जावी तसा. ऊन लागलं की घागर रिकामी होते. जबरदस्त उष्णता आणि दाब मिळाला तरी रिकामी होते. गोळी आदळते तेव्हा खाचेच्या तळाखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथले कण एका क्षणात रिकामे होतात आणि थेंबथेंब भरणं पुन्हा सुरू होतं. आज घागर किती भरली ते मोजलं, की गोळी कधी लागली ते कळतं. खाचेखाली केसाएवढ्या भेगा पसरलेल्या असतात, त्यांच्या कलावरून गोळी कुठून आली तेही कळतं.

यंत्र आलं तेव्हा आम्हाला वाटलं, इतिहासकार खूश होतील. ते झालेही. मग शिळानोंद सुरू झाली. सीमेवरच्या लढायांतल्या दगडांच्या खाचा वाचायच्या आणि दहा दिवसांत सही करून केंद्राकडे पाठवायच्या. एका गावात दोन सुभेदारांची चाळीस वर्षांची दोस्ती एका वाचनात संपली. दुसऱ्या गावात एका मुलानं बापाच्या पदकाची चौकट भिंतीवरून काढून माळ्यावर टाकली. बाप तेव्हा त्याच घरात जेवत होता. गोळी कुठून आली हे नक्की कळायला लागल्यापासून माणसं एकमेकांकडे जरा जास्त वेळ बघायला लागली आहेत, एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगते.

पांढरमाची हे सातारच्या डोंगरातलं फौजी गाव. घरटी एक तरी माणूस पलटणीत. इथला रिवाज असा, की जो जिथे पडला, ज्या दगडाच्या आडोशाला पडला, तोच दगड त्याच्या सोबत्यानं गावी आणायचा आणि वेशीवर उभा करायचा. असे सतरा दगड आहेत. माझ्या वडिलांचा, नाईक विलास जगदाळे यांचा, बारावा. ते गेले तेव्हा मी सव्वा वर्षाची होते. आज त्याला बत्तीस वर्षं झाली. माझ्याकडे त्यांची आठवण नाही, फक्त वस्तू आहेत: आईच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली त्यांची पत्रं, आणि शेवटच्या पत्रातून आलेला एक हिरवा, गाठीगाठींचा दोरा. लहानपणी मी तो बाहुलीच्या कमरेला बांधायचे आणि आईच्या धपाट्याची धनी व्हायचे.

वडिलांचा दगड गुडघ्याएवढा, खाली निमुळता आणि वर रुंद. बाकीचे दगड शिस्तीत उभे, हा एकटा डोकं जड झाल्यासारखा. "इलासचं डोस्कंच मोठं हुतं, हिशेबी," असं गावातली म्हातारी माणसं थट्टेनं म्हणत. टिचकीच्या नव्या आवृत्तीची चाचणी घ्यायला मला तारीख आधीच ठाऊक असलेला दगड हवा होता. म्हटलं, घरचाच आहे.

दगडापाशी अप्पा आधीच उभे होते. अप्पा म्हणजे निवृत्त हवालदार रघुनाथ शेडगे, वडिलांचे जोडीदार. दगड डोंगरावरून पाठीवर खाली आणला तो त्यांनीच. मला शाळेत घातलं त्यांनी, सायकल शिकवली त्यांनी, आणि आई दर भाऊबिजेला दादा म्हणून ओवाळते तीही त्यांनाच. त्यांना एक खोड आहे. कुठलाही आकडा सांगा, डॉक्टरनं सांगितलेली साखर असो की रेडिओवरचा पाऊस, ते पहिल्यांदा विचारतात, "कशानं मोजलं?" म्हणून पोरं त्यांना मोजणी हवालदार म्हणतात.

"केतके, देवाच्या दगडाला मशीन लावत्यात व्हय?"

"देव नाहीत अप्पा, माझे वडील आहेत."

"म्हणूनच म्हंतोय. ऱ्हाऊ दे."

खाचेत शेंदूर भरलेला होता, थरावर थर. दर वर्षी दगडाला शेंदूर लावायचं काम अप्पांचं, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. मी तो खरवडायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्ये मशीन सांगतंय तरी काय?"

"गोळी कधी लागली आणि कुठून आली."

या खेपेला त्यांनी 'कशानं' विचारलं नाही. आईनं आणून दिलेला चहा अर्धा ठेवून ते निघून गेले. अप्पांनी चहा अर्धा टाकलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि माझ्या डोक्यात नोकरी जागी झाली.

वडील कसे गेले ते गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. उंच धारेवर अप्पा, दुर्बिणीची रायफल घेऊन. त्यांच्या खाली तीनशे मीटरवर डोंगराची एक सपाट पायरी, आणि तिथे शत्रूचा दगडी मोर्चा, म्हणजे दगड रचून केलेला आडोसा. पायरीच्या खाली नाला, त्यातही शत्रूचीच माणसं. वडील दोन जवानांना घेऊन पायरीवरूनच वळसा घालून मोर्चाच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटले. अप्पांनी वरून मोर्चाच्या आत तीन गोळ्या टाकायच्या, तिसरीनंतर वडिलांनी भिंतीवरून उडी घ्यायची. तेवढ्यात नाल्यातून, म्हणजे खालून, एक गोळी आली आणि वडिलांच्या डोक्याशी असलेल्या दगडावर आदळली. तिचा तुकडा त्यांच्या मानेत घुसला. मोर्चा उरलेल्या दोघांनी घेतला.

टिचकीनं तासाभरात उत्तर दिलं. तारीख बरोबर. दिशा खालून वर, चव्वेचाळीस अंश. मी खूश झाले. अप्पांवर उगाच संशय घेतला म्हणून स्वतःला चार शब्दही सुनावले.

मग नव्या आवृत्तीची तिसरी चाचणी केली. दगड हजारो वर्षं ज्या स्थितीत पडून असतो, त्यात त्याचा उघडा भाग उन्हानं खोलवर रिकामा होतो आणि जमिनीत रुतलेला भाग भरलेला राहतो. दोन्हींमध्ये एक स्पष्ट रेघ मिळते. बत्तीस वर्षांच्या उन्हानं ती पुसत नाही. वडिलांच्या दगडात रेघ मिळाली ती वरच्या रुंद टोकापाशी. ते टोक हजारो वर्षं मातीत होतं. पडद्यावर लाल अक्षरं आली: दगड उलटा आहे.

दगड उलटा असेल, तर गोळी खालून आली नव्हती. वरून आली होती. आणि वर एकच रायफल होती.

मी पेटी बंद केली. आईनं जेवायला हाक मारली, मी गेले, अनारसे खाल्ले, चांगले झालेत म्हणाले. तोंडात चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी घाटरस्त्यावरच्या खाणीपाशी यल्लाप्पा धोत्र्यांना गाठलं. वेशीवरचे दगड बसवणारे तेच. वय ऐंशीच्या पुढे, पण दगड म्हटला की डोळे लकाकले.

"चुकून उलटा बसला का हो तो?" मी विचारलं.

"चुकून?" त्यांना रागच आला. "वडाराचा हात हाय ताई ह्यो. दगुड रुंद अंगावर बसतोय ह्ये माजी नात बी सांगंल. म्या हवालदार सायबास्नी म्हनलं, दगडाला डोस्क्यावर हुबा करू का? तर म्हनले, करच. दुप्पट शिमिट घातलं तवा ऱ्हायला."

म्हणजे अपघात नव्हता. ज्या माणसानं मला सायकलवर तोल सावरायला शिकवलं, त्यानं माझ्या बापाचा दगड जाणूनबुजून उलटा लावला होता. का, याचं एकच उत्तर मला सुचत होतं. परतीच्या वाटेवर बत्तीस वर्षांतली एकेक गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. माझ्या परीक्षांच्या दिवशी फाटकाशी उभे असणारे अप्पा. आईच्या आजारपणात सात दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलेले अप्पा. ही माया होती की पापाची फेड? मला त्यांचा संताप आला, आणि त्यांची माया इतकी वर्षं गोड मानून घेतली म्हणून स्वतःचाही आला.

आई भाऊबिजेची निरांजनं घासत बसली होती. परवा भाऊबीज. मी म्हटलं, "या वर्षी अप्पांना नको ओवाळूस."

"का गं? भांडलीस?"

"विचारू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाघाच्या जबड्यात हात घालायचा, आणि वर विचारू नकोस म्हणायचं. चांगली शिकलीस हो."

मी तडक अप्पांच्या घरी गेले. ते ओसरीवर कामट्यांचा आकाशकंदील बांधत होते. बाहत्तराव्या वर्षीही हात दगडासारखा स्थिर.

"दगड उलटा का लावलात?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "ट्रकात फिरला आसंल."

"यल्लाप्पा अजून जिवंत आहेत अप्पा."

त्यांच्या हातातली कामटी मोडली. त्यांनी तिचे तुकडे बाजूला ठेवले.

"ह्या गावात दोनशे फौजी," ते म्हणाले. "खाच बघून गोळी कुठनं आली, पोरंसोरं सांगत्यात. दुसरा दगुड आणाय येत न्हवता. त्यो पडला त्योच आणायचा, रिवाज हाय. मग उलटा लावला. गोळी माजी हुती, केतके. तुज्या बापाला म्या मारलं."

हे ऐकायलाच मी आले होते. मी खांबाला टेकले.

"कसं?"

"तीच तर गोष्ट. कसं त्ये बत्तीस वर्सं मला बी कळंना." ते आत गेले, ट्रंकेतून मेणकापडात गुंडाळलेला एक पुठ्ठा घेऊन आले. लढाईच्या आदल्या दिवशी बनवलेलं अंतरांचं कार्ड. वडिलांचं टपोरं अक्षर मी पत्रांवरून ओळखत होते. 'मोर्चा – ४३०.'

"म्या चारशे तीस लावलं आन् नेम मोर्चाच्या आत धरला. पयल्या दोन धुक्यात कुठं गेल्या दिसलं न्हाई. तिसरी दिसली. भिंतीच्या वरनं गेली. हात हलला आसंल माजा. दुसरं काय?"

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. गोळी सरळ जात नाही, गुरुत्वाकर्षणानं खाली येत जाते, म्हणून लांबच्या नेमासाठी नळी किंचित वर धरतात. दुर्बिणीवर अंतर लावलं की हे आपोआप होतं. पण तीव्र उतारावर खाली मारताना गुरुत्वाकर्षणाचा सगळा जोर गोळीला वाटेवरून वाकवण्यात जात नाही, थोडा ती जाते त्याच दिशेनं ओढण्यात जातो. त्यामुळे गोळी कमी वाकते आणि नेमाच्या वरून जाते. अशा वेळी लावायचं असतं ते डोळ्यापासून लक्ष्यापर्यंतचं तिरपं अंतर नव्हे, नकाशावरचं सपाट अंतर. मी अप्पांना हेच म्हटलं.

"ठावं हाय. खाली मारताना खाली धर. पयल्या दिवशी शिकवत्यात," अप्पा म्हणाले. "पण इलास आंतर काढायचा दोऱ्यानं. नकाशावर दोरा ठेवायचा, गाठी मोजायचा. नकाशावरचं आंतर सपाटच आसतंय, मग त्यात आणि काय खाली धरायचं? जसा आकडा देईल तसा लावायचा. सा वर्सं लावला, कवा चुकला न्हाई. 'आदी इचार, कशानं मोजलं,' ह्ये त्यानंच मला लावलेली सवय. फकस्त त्याला म्या कवा इचारलं न्हाई. त्याचा दोरा मला पाठ हुता. हिरवा. नऊ गाठी."

मी उठले. कबुली देणारा माणूसही खोटं बोलू शकतो, थोडं कबूल करून बरंच झाकता येतं. मला कार्डाचा आकडा तपासायचा होता.

घरी येऊन त्या डोंगराचा उंचसखल नकाशा उघडला. धार आणि पायरी, दोन्ही ठिकाणं शिळानोंदीत होती. उंचीतला फरक दोनशे अठ्ठ्याण्णव मीटर. सपाट अंतर तीनशे दहा. तिरपं अंतर चारशे तीस.

मी तीनदा मोजलं. दोऱ्यानं मोजलं असतं तर कार्डावर ३१० यायला हवं होतं. ४३० हा आकडा कुठल्याच नकाशावर नव्हता. तो फक्त धारेवर उभं राहून पायरीवर किरण टाकणाऱ्या यंत्राला मिळू शकला असता. ४३० लावून त्या विरळ हवेत गोळी मारली, तर ती नेमाच्या दीड हात वरून जाणार आणि जमिनीवर दोन हात पलीकडे पडणार. भिंतीच्या पलीकडे. अप्पांचा हात हलला नव्हता. हात अगदी बरोबर होता, म्हणूनच गोळी तिथे गेली.

पण दोरा असताना वडिलांनी तो का वापरला नाही?

हिरवा. नऊ गाठी.

माझ्या बाहुलीच्या कमरेला किती गाठी होत्या ते मी कधी मोजलं नव्हतं. डबा काढला आणि मोजलं. शेवटचं पत्रही पुन्हा वाचलं. लढाईच्या आदल्या दुपारी, खाली जाणाऱ्या खेचरवाल्याबरोबर पाठवलेलं. 'काल इथे अंतर मोजायचं नवीन मशीन आलं. बटण दाबलं की आकडा. रघूला अजून सांगितलं नाही, मोर्चा घेतल्यावर दाखवून चकित करतो. आता दोऱ्याचं काम नाही. तुझ्याजवळ ठेव, मी आलो की परत दे.'

हे पत्र मी शंभर वेळा वाचलं होतं. दर वेळी मला त्यात प्रेम दिसलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

आई दारात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. गोळी कुणाची आणि आकडा कुणाचा, दोन्ही. ती खाली बसली. रडेल असं वाटलं, पण तिनं विचारलं, "दादांना दोऱ्याचं माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे बत्तीस वर्षं ते स्वतःच्या हाताला दोष देत बसले? आणि मी दोरा डब्यात घालून वर आठवण म्हणून जपला." तिनं दोरा माझ्याकडून घेतला. "एकदा जरी दाखवला असता."

भाऊबिजेला अप्पा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आईचा निरोप मोडायची त्यांना सवय नव्हती. पाटावर बसले, मान खाली. आईनं टिळा लावला, ओवाळलं, आणि त्यांनी तबकात ओवाळणी टाकायच्या आधी त्यांच्या तळव्यावर दोरा ठेवला.

अप्पांचा अंगठा गाठींवरून फिरला. नवव्या गाठीवर थांबला.

"ह्यो हितं कसा?"

"आदल्या दिवशी पाठवला त्यांनी. नवीन मशीन आलं होतं म्हणून. तुम्हाला नंतर दाखवणार होते."

त्यांना पुढचं समजवावं लागलं नाही. नेमबाज माणूस. ओठ हलले, त्यात दोन आकडे होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस ज्यांच्याकडे मी गुन्हेगार म्हणून बघत होते, त्यांच्या पाटाशेजारी मी बसून राहिले.

रडून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "तुज्या नोंदीत माजं नाव घाल. नेम चुकला म्हन. इलासचा आकडा चुकला आसं कुणी म्हनाय नगं. मला सवय हाय त्याची."

टिचकीचं प्रत्येक वाचन शिळानोंदीत जातं, चाचणीचंही; सही करायला माझ्याकडे सात दिवस होते. खरं सांगते, मी डळमळले. एका ओळीचा फरक होता. वडिलांचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि अप्पांची तर विनंतीच होती.

आईनं तबक खाली ठेवलं. "नाही दादा. बत्तीस वर्षं मी उलटा दगड पुजला. आता सरळ लावा. चुकले असतील ते, माणूसच होते. त्यांची चूक त्यांची त्यांना राहू दे. तुम्ही किती दिवस सांभाळणार?"

अप्पांनी दोऱ्याची घडी घालून ती आईला परत दिली, घरी गेले आणि पहार घेऊन वेशीवर आले. हळूहळू माणसं जमायला लागली. त्यात जुने फौजी होते. दगड सरळ झाला की खाच बघून त्यांच्या माना हळूच वर आणि मग आपल्याकडे वळतील, हे अप्पांना माहीत होतं. तरी त्यांनी धोतर खोचलं आणि दगडाच्या बुडाशी बसले.

"शिमिट किती खोल गेलंय?"

टिचकी दगडाचा गाडलेला भागही दाखवते; मी तिचा पडदा बघितला. "दोन फूट चार इंच."

"कशानं मोजलं?"

"यंत्रानं."

त्यांनी पहार माझ्यापुढे धरली. "मग एकदा हातानं बघ."

मी गुडघ्यांवर बसले आणि माती उकरायला लागले.